रानगवताच्या बीजाची मुदत
(प्रस्तावना)

आश्विन सरता सरता सातपुड्याच्या पायथ्याशी, सातमाळ्याच्या उतारांवर आणि पांझरा, बोरी, गिरणा या नद्यांच्या काठच्या पडीत जमिनींवर रानगवताचे बी पिकून गळू लागते. त्या वेळी भुईत ओल असते, ऊन असले तरी ते जाळणारे नसते, हस्त-चित्राच्या सरी अधूनमधून येऊन जात असतात; बीज रुजण्यास पाणी, वायू आणि ऊब या तीन गोष्टी लागतात असे जे आपण शाळेत शिकलो, त्या तिन्ही गोष्टी तेथे हजर असतात; आणि तरीही त्या अगणित बियांपैकी फारच थोड्या रुजतात, बाकीच्या सर्व जशा पडल्या तशा पडून राहतात. त्याच सुमारास शेजारच्या शेतात उभ्या असलेल्या पांढऱ्या ज्वारीवर चार दिवसांची झड लागली, तर कणसातल्या कणसात दाण्यांना मोड फुटतात आणि हातातोंडाशी आलेला घास शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत नासतो. ज्वारी आणि हे रानगवत एकाच तृणकुलातली. दोघांच्या दाण्याची घडण जवळजवळ सारखी. मग एकीने इतकी उतावीळ आणि दुसऱ्याने इतके सबुरीचे का असावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय केवळ वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे असे कोणी मानू नये. गावोगावच्या गायरानांवर आणि वनखात्याच्या कुरणांवर चाऱ्याच्या गवताचे बी पेरण्याचे प्रयोग आजवर पुष्कळ झाले, आणि त्यांतील कित्येकांचा शेवट ‘बी उगवले नाही, सबब निकृष्ट होते’ अशा एका ओळीच्या शेऱ्यात झाला. बी निकृष्ट असतेही, नाही असे नाही. रानगवताच्या कणसात पोचट बोंडेच अधिक भरतात, हे ज्याने मूठभर बी चोळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते. परंतु पुष्कळदा ते बी जिवंत असते, सकस असते, आणि केवळ त्याची वेळ भरलेली नसते. जिवंत असूनही न उगवण्याच्या या अवस्थेला शास्त्रज्ञ सुप्तावस्था म्हणतात. तिची कारणे अनेक आहेत. कधी टरफल कठीण असते, कधी गर्भ अपुरा वाढलेला असतो. आपल्याकडच्या गवतांत मात्र ज्या कारणांचा अंमल विशेष दिसतो ती रासायनिक आहेत, आणि ती सारी त्या बीजाने स्वतःच्या अंगी निर्माण केलेली आहेत.

खानदेशाच्या गवतांचा परिचय नव्याने करून देण्याची गरज नाही. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर १९३५ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ती वर्णिलेली आहेत, आणि गुराख्याला ती ग्रंथावाचूनही ओळखू येतात. खोल काळ्या जमिनीच्या बांधावर मारवेल, मुरमाड उतारावर पवन्या आणि डोंगरी, जेथे चराई फार झाली आणि वणवे वारंवार लागले तेथे कुसळी, आणि सातपुड्याच्या अंगाला रोशा. या रोशाने एकेकाळी पश्चिम खानदेशाला नाव मिळवून दिले होते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरात त्याच्या तेलाच्या व्यवसायाची नोंद आहे, आणि पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूला भट्ट्या लावून काढलेले ते तेल मुंबईच्या बंदरातून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. या तेलाचा बहुतांश भाग जेरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा असतो. जे द्रव्य माणसाच्या नाकाला गुलाबासारखे वाटते तेच प्रयोगशाळेत अंकुरत्या बीजाची वाढ रोखून धरते, ही गोष्ट अत्तराच्या व्यापाऱ्यांना कळण्याचे कारण नव्हते.

सुप्तावस्थेचे रसायन दोन ठिकाणी शोधावे लागते: दाण्याच्या बाहेर, म्हणजे त्याला वेढणाऱ्या तुसांत, आणि दाण्याच्या आत, म्हणजे गर्भात व त्याच्या अन्नसाठ्यात. गहू-ज्वारीचा दाणा मळणीत तुसापासून सहज मोकळा होतो, कारण माणसाने हजारो वर्षे तशाच कणसांची निवड केली; रानगवताचा दाणा मात्र तुसांसकट गळतो, तुसांसकट मातीत शिरतो आणि रुजेपर्यंत त्यांच्याच कोंदणात राहतो. ही तुसे म्हणजे निव्वळ भुसकट आहे असा समज होता. ती तशी नाहीत. त्यांत फेरुलिक, कुमॅरिक, व्हॅनिलिक अशी फिनॉल जातीची आम्ले असतात, आणि काही गवतांत कुमॅरिनही असते, ज्याच्यामुळे सुकत चाललेल्या गवताच्या गंजीला तो गोडसर वास येतो. भाताच्या तुसातून १९७३ साली जपानी रसायनज्ञांनी मोमिलॅक्टोन नावाची दोन द्रव्ये वेगळी केली, आणि तीही अंकुरणाला अटकाव करणारीच ठरली.

हा अटकाव दोन रीतींनी होतो. पहिली रीत सरळ आहे: द्रव्य पाण्यात विरघळते, गर्भापर्यंत पोचते आणि त्याची वाढ थांबवते. दुसरी रीत अधिक मार्मिक आहे, आणि तिचा उलगडा मुख्यतः सातूच्या दाण्यावर झाला. ओल्या तुसातील फिनॉल द्रव्ये विकरांच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग पावतात; म्हणजे बाहेरून आत येऊ पाहणारा प्राणवायू गर्भाच्या वाट्याला येण्याआधी तुसातच खर्ची पडतो, आणि पाण्याने भिजलेला, उबेत असलेला गर्भ केवळ श्वासाअभावी निश्चेष्ट राहतो. हवा जितकी उष्ण तितका हा खर्च मोठा आणि पाण्यात मुरलेला प्राणवायू तितका कमी. ताज्या दाण्याचे तूस हलक्या हाताने सोलून काढले की तोच दाणा पुष्कळदा रुजतो, याचे एक कारण हे आहे.

वाचकाला याची प्रचिती घरी घेता येईल. कुसळीची किंवा मारवेलीची ताजी तुसे ओंजळभर घेऊन अगदी थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावी. ते पिवळसर पाणी गाळून एका बशीत मोहरीच्या दाण्यांना द्यावे, आणि दुसऱ्या बशीतील मोहरीला साधे पाणी द्यावे. साध्या पाण्याच्या बशीत मोड आले तरी पिवळ्या पाण्याच्या बशीत ते उशिरा, तुरळक आणि आखूड मुळांचे येण्याचा संभव फार. मात्र या प्रयोगावरून निष्कर्ष काढताना जपले पाहिजे. ओंजळभर तुसांचा अर्क एका बशीत कोंडला म्हणजे त्याची जी तीव्रता होते, ती मोकळ्या रानात, वाहत्या पाण्याच्या ओघात कधी होईलच असे नाही. आणि या शास्त्रातील पुष्कळ जुने निबंध केवळ बशीतल्या मोहरीच्या साक्षीवर उभे असल्यामुळे आज कमकुवत ठरले आहेत. तुसात प्रतिबंधक द्रव्य सापडणे ही एक गोष्ट आणि रानात बीज त्याच द्रव्यामुळे थांबले हे सिद्ध होणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत या पुस्तकात टाळण्याचा यत्न केला आहे.

तुसातील द्रव्य पाण्याने धुऊन जाते, या साध्या गोष्टीत एक मोठी सोय लपलेली आहे. फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील वनस्पतींचा अभ्यास केला, तेव्हा त्याला असे आढळले की तेथील कित्येक बिया हलक्या सरीने रुजत नाहीत. साधारण इंचभर पाऊस एका वेळी पडला तरच रुजतात, आणि तेही पाणी वरून झिरपत आले तर. खालून तितकीच ओल दिली तर नाही. म्हणजे बीज केवळ ओलाव्याने फसत नाही, पाऊस आपल्या अंगावरून किती वाहून गेला याचा हिशेब ते ठेवते. जळगाव-धुळ्याच्या मैदानी तालुक्यांत, जेथे वर्षाचा सरासरी पाऊसच सुमारे ५०० ते ७५० मिलिमीटर आणि त्यातही मृगाची पहिली सर व दुसरी सर यांमध्ये कधी तीन-तीन आठवड्यांची उघाड, तेथे या हिशेबाची किंमत दुबार पेरणीचे संकट ओढवलेल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये असे कृषी खाते दरवर्षी बजावते, आणि दरवर्षी पुष्कळ लोक आभाळाकडे पाहून त्याआधीच तिफण धरतात. रानगवताला अशी सूचना द्यावी लागत नाही.

आता दाण्याच्या आत. येथे खानदेशी वाचकाला आपल्या जिव्हाळ्याचे एक पीक अकस्मात भेटेल. कपाशीची पाती आणि कोवळी बोंडे अवेळी का गळतात, हे शोधण्यासाठी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी झटत होते. १९६३ साली त्यांनी २२५ किलो वाळलेल्या कोवळ्या बोंडांतून एका द्रव्याचे अवघे ९ मिलिग्रॅम स्फटिक हाती आणले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये वेअरिंग यांना झाडांच्या कळ्या झोपवणारे एक द्रव्य सापडले होते. दोन्ही द्रव्ये एकच निघाली, आणि १९६७ साली ‘ॲब्सिसिक आम्ल’ हे नाव सर्वमान्य झाले. नाव गळतीवरून पडले खरे. पण पातेगळीत त्याचा वाटा दुय्यम आणि इथिलीन वायूचा मोठा, असे पुढे ठरले. त्याची खरी सत्ता दुष्काळात पानांची रंध्रे मिटवण्यावर आणि पिकत्या बीजाचे अंकुरण रोखण्यावर चालते. ज्या संशोधनाचा आरंभ कपाशीवाल्यांच्या तक्रारीतून झाला, त्याचे फळ गवताच्या दाण्यालाही लागू पडावे, हा योगायोग मला मोठा रम्य वाटतो.

या आम्लाचा प्रतिपक्षी जिबरेलिन. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवले की रोपे वेड्यासारखी उंच वाढवणारी ती व्याधी एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे होते, आणि याबुता यांनी १९३५ साली त्या द्रव्याला नाव दिले. पुढे कळले की वनस्पती स्वतःही ते तयार करतात. तृणधान्याच्या दाण्यात गर्भाकडून जिबरेलिन निघते, पिठाभोवतीच्या पातळ थराला ते जागे करते, तो थर विकरे स्रवतो, आणि त्या विकरांनी पिठाची साखर होऊन गर्भाला अन्न मिळते. नाचणी भिजवून मोड आणून सत्त्व काढणारी गृहिणी हेच करते; फरक इतकाच की तिला त्या थराचे नाव माहीत नसते. ॲब्सिसिक आम्ल ही सर्व साखळी पहिल्याच कडीपाशी अडवते. जुन्या मामलेदार कचेरीतला खजिना जसा दोन किल्ल्यांवाचून उघडत नसे, तसा हा पिठाचा साठा आहे: जिबरेलिनची किल्ली लागली तरी ॲब्सिसिक आम्लाने आपला हात काढून घेतल्याखेरीज तो उघडत नाही. म्हणून सुप्तावस्था म्हणजे एका द्रव्याची उपस्थिती असे म्हणण्यापेक्षा दोन द्रव्यांचे प्रमाण, आणि त्याहूनही गर्भाची त्या दोहोंविषयीची संवेदना, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

हे प्रमाण कालांतराने पालटते, आणि ते पालटविण्याचे काम आमच्याकडे उन्हाळा करतो. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उघड्या मुरमाची तापण त्याहून कितीतरी अधिक. या कोरड्या उष्णतेत बीज पाण्याचा थेंबही न घेता आतल्या आत बदलत असते: दाण्यातील प्रथिने आणि संदेशवाहक रेणू यांचा प्राणवायूशी मंद संयोग होतो, ॲब्सिसिक आम्लाचा अंमल उतरत जातो, जिबरेलिनला प्रतिसाद देण्याची पात्रता वाढत जाते. शास्त्रात याला पश्चपक्वता म्हणतात. कुसळीच्या ताज्या बीजाची सुप्तावस्था साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. अंजन आणि मारवेल या गवतांचे ताजे बीही काढल्याबरोबर नीट उगवत नाही, साठवून ठेवल्यावर उगवते. कार्तिकात गळलेले बी ज्येष्ठापर्यंत सात-आठ महिने तापते, आणि नेमके पावसाच्या तोंडावर तयार होते. ज्या उन्हाळ्याला आपण नावे ठेवतो, तो या गवतांच्या जीवनक्रमात व्यर्थ जाणारा काळ नव्हे.

त्यानंतर पहिला पाऊस येतो आणि आपल्याबरोबर आणखी एक रासायनिक वर्दी आणतो. महिनोन्महिने कोरड्या पडलेल्या मातीला पाणी लागताच सूक्ष्म जीव एकाएकी कामाला लागतात आणि जमिनीत नायट्रेटाची लाट उसळते. कित्येक गवतांच्या बीजांना हे नायट्रेट अन्न म्हणून लागण्याआधी इशारा म्हणून लागते. त्याच्या स्पर्शाने ॲब्सिसिक आम्ल मोडून टाकणारी विकरे जागी होतात. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत सुप्त बीजाखालचा कागद ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटाच्या द्रावणाने भिजवतात, ते याच कारणाने.

धुराचे प्रकरण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यात आमच्याकडच्या एका अनिष्ट वहिवाटीचा संबंध येतो. जळक्या रानातील राखेपेक्षा धूरच बीजाला अधिक जागा करतो, असे १९९० साली दक्षिण आफ्रिकेत दिसून आले. त्या धुरातील कार्यकारी द्रव्य २००४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ओळखले, आणि तेथील नूंगार आदिवासींच्या भाषेत धुराला जो शब्द आहे त्यावरून या द्रव्यांच्या वर्गाला कॅरिकिन हे नाव मिळाले. झाडाचा सेल्युलोज जळताना ते बनते, मातीवर बसते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर बीजापर्यंत पोचते. धुराच्या पाण्याला प्रतिसाद देणाऱ्या गवतांत आमची कुसळीही आहे.

कुसळीचे बीज एकदा जवळून पाहावे. तपकिरी, लांबट दाणा. त्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार आणि त्यावर मागे वळलेले राठ केस. वरच्या टोकाला बोटभर लांबीचे काळे कुसळ, पीळ दिलेल्या सुतळीसारखे वळलेले आणि मध्ये गुडघ्यासारखे वाकलेले. ते ओल्या फडक्यावर ठेवले की कुसळाचा पीळ सुटू लागतो आणि त्याचा वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा, डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने, फिरतो; वाळले की पीळ पुन्हा भरतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या फेऱ्यांत हे बीज असे स्वतःला मातीत पिळून घेते, आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मेंढीच्या लोकरीतून ते कातडीत उतरते तेही याच यंत्राने. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांना याचा जाच ठाऊक आहे. आता फाल्गुनात कोणी डोंगराला आग लावली, की भुईवर उघडे पडलेले पवन्या-मारवेलीचे बी भाजून निघते. कुसळीचे बी बोटाच्या पेराइतके खोल गेलेले असल्याने वाचते, आणि वर त्याला धुराची वर्दीही मिळते. नवा कोवळा चारा यावा म्हणून लावलेला वणवा अशा रीतीने वर्षानुवर्षे कुसळीचीच वतनदारी वाढवीत जातो. ‘आगीने गवत चांगले फुटते’ हे म्हणणे खोटे नाही. कोणते गवत फुटते, एवढेच विचारायचे राहून जाते.

धुरातल्या या द्रव्याचा एक चुलतभाऊ आमच्या ज्वारीच्या मुळाशी वसतो. टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारे बांडगुळ गवत नव्हे, तरी त्याच्या बीजाची कथा येथे गाळता येत नाही. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते, जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि यजमान पिकाच्या मुळातून झिरपणारे विशिष्ट द्रव्य लागल्याखेरीज रुजत नाही. या वर्गातले पहिले द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ साली वेगळे झाले, आणि तेही पुन्हा कपाशीच्याच मुळांतून. कपाशीवर टारफुला जगू शकत नाही. तिच्या हाकेने तो रुजतो आणि यजमान न मिळाल्याने मरतो. ज्वारीनंतर कपाशी घेण्याच्या फेरपालटीत, इतर फायद्यांबरोबर, हाही एक फायदा आहे.

राहता राहिली ज्वारीच्या उतावीळपणाची गोष्ट. माणसाने बी साठवले आणि पेरले; पेरल्यावर जे चटकन आणि एकसमयी उगवले त्याचेच पीक हाती आले, आणि त्याचेच बी पुढच्या वर्षी पेरले गेले. जे थांबले ते कायमचे मागे पडले. चवीसाठी आणि भाकरीच्या रंगासाठी पांढरा, तुरटपणा नसलेला दाणा निवडताना दाण्याच्या सालीतील टॅनिनसारखी फिनॉल द्रव्येही आपण घालवली. खरिपाच्या पांढऱ्या ज्वारीला झडीत मोड येतात, ती या निवडीची किंमत आहे. आमची रब्बीची दादर ज्वारी त्यातून सुटते, ती उशिरा, कोरड्या हवेत पिकते म्हणून. तिच्या सुप्तावस्थेची कसोटी लागतच नाही.

यापुढील प्रकरणांत ही सर्व द्रव्ये, त्यांचे मापन आणि त्यांच्यावरील वाद यांचा विस्तार आहे. रसायनाची सूत्रे जेथे अपरिहार्य होती तेथेच दिली आहेत. ती ओलांडून गेले तरी पुढचे वाचताना अडणार नाही. मात्र ज्यांच्या हाती गायराने आणि कुरणे आहेत, त्या सरपंचांनी आणि अंमलदारांनी निदान पेरणीचे प्रकरण वाचावे, अशी विनंती आहे. धुळे तालुक्यातील लामकानी येथे डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, आणि शेकडो हेक्टर उजाड डोंगर पुन्हा गवताखाली आला. तेथे जुनी खोडे फुटली आणि राहिलेले बी रुजले, त्यांना फक्त सवड हवी होती. जेथे बी बाहेरून आणून पेरावेच लागते तेथे ते काढल्याबरोबर पेरू नये. कोरड्या जागी सैल पोत्यात ठेवून त्याच्यावरून एक सबंध उन्हाळा जाऊ द्यावा, आणि मृगाचा पाऊस जमिनीत पुरता मुरल्यावर मग ते टाकावे. पंधरा दिवसांत जे उगवले नाही ते मेले, असा पंचनामा करण्याची घाई करू नये, आणि निदान दुसरा पावसाळा संपेपर्यंत त्या तुकड्यावर गुरे सोडू नयेत.